अँटेना न हलवता झोत वळवा : पॅसिव्ह बीम स्टिअरिंगची पहिली वाट

यावल तालुक्यात आमच्या नानांची केळी आहे. विहिरीशेजारी मोटारीची धाब्याची खोली आणि खोलीच्या चारी अंगांना बाग. ठिबकच्या सहा प्लॉटांत मी जमिनीतली ओल मोजणारे सेन्सर बसवले, प्रत्येकाला एकेक ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) जोडला आणि खोलीवर राउटरला असतो तसा साधा रबरी अँटेना लावला. मृगबागेची लागवड नवी होती तोवर सगळं सुरळीत होतं. झाडं डोक्यावर गेली तसा एकेक सेन्सर गप्प होत गेला. केळीचं पान म्हणजे बहुतांश पाणी, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात जिरतात.

एका दिशेला जोर लावणारा यागी अँटेना आणून लावला, तर एक प्लॉट बोलायला लागला आणि बाकीचे पाच मुके झाले. सहा यागी लावायला पैसे नव्हते. अँटेना मोटारीने फिरवावा, तर आपल्याकडच्या धुळीत गिअर किती दिवस टिकणार? अँटेना जागेवर ठेवून त्याचा झोतच वळवण्याची रीत मग हाती लागली. ती जमायला मला आठ महिने लागले. त्यातले निदान पाच महिने मी चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली म्हणून गेले. मी आधी इलेक्ट्रॉनिक्स केलं आणि अँटेना नंतर. तुम्ही उलट करा. डायोड, म्हणजे झोत वळवणारी विजेची कळ, शेवटी येतो, हे एवढं धरून चाललात तर तुमचं काम दीड-दोन महिन्यांत होईल.

१. आधी ठरवा, हे तुम्हाला लागणार आहे का

तुम्हाला एकाच ठिकाणाशी बोलायचं असेल, म्हणजे घर ते विहीर एवढंच, तर हा लेख इथेच ठेवा आणि दोन्ही टोकांना यागी लावा. ते स्वस्त पडतं आणि त्यात बिघडण्यासारखं काही नसतं.

झोत वळवण्याचा फायदा आहे तो मधोमध बसून चौफेर ऐकायचं असेल तेव्हा. शेतातला गेटवे (सगळ्या सेन्सरचं ऐकून घेणारा मधला रेडिओ), गोडाऊनमधला राउटर, किंवा सगळीकडे फिरणारा ट्रॅक्टर. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून हे करत असाल तर उत्तमच. एकाच अँटेनात लहरी, जुळणी, डायोड आणि प्रोग्राम असं सगळं हाताखालून जातं.

कायद्याची बाजू थोडक्यात. २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात परवान्याविना वापरता येतो, मात्र अँटेनाची वाढ धरून बाहेर पडणारी ताकद ४ वॉटच्या, म्हणजे ३६ डीबीएमच्या आत हवी. ईएसपी३२ जास्तीत जास्त २० डीबीएम देतो. अँटेनाने ७ डीबी वाढवले तरी २७ होतात, म्हणजे अर्धा वॉट. आपण मर्यादेच्या बऱ्याच आत आहोत. यात वेगळा ॲम्प्लिफायर जोडू नका. मोबाइलच्या पट्ट्यात तर असले प्रयोग अजिबात करू नका, परवानगीविना सिग्नल बूस्टर लावणं हा गुन्हा आहे. बनवून विकायचं मनात असेल तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए मान्यता लागते.

२. गोष्ट समजून घ्या : दारं मोडण्यासारखं आहे

पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात न्यायचं तर आपण विहीर हलवत नाही. फावड्याने एक दार बुजवतो, दुसरं मोडतो, आणि पाणी आपोआप वळतं. इथेही तसंच आहे. रेडिओला जोडलेली काडी एकच असते, मधली. तिच्याभोवती सहा काड्या उभ्या असतात, त्यांना कुठलीही केबल जात नाही. मधल्या काडीतून निघालेली लहर त्यांच्यावर आदळते, त्यांच्यात करंट उठतो आणि त्याही लहर बाहेर टाकतात. कुठल्या काडीचा पाय जमिनीला जोडलेला आहे आणि कुठल्या काडीचा सुटा, यावर झोत कुठे जाणार ते ठरतं. इथे ‘जमीन’ म्हणजे काड्यांखालची तांब्याची चकती.

पाय जोडलेली, किंचित लांब काडी आरशासारखी वागते. मधली काडी ते कडेची काडी हे अंतर पाव लहरलांबी ठेवलं, तर लहर जाताना पाव फेरा घेते, आरशावर उलटते तेव्हा अर्धा, आणि परत येताना पुन्हा पाव. सगळं मिळून पूर्ण फेरा झाला, म्हणजे परतलेली लहर पुढे जाणाऱ्या लहरीच्या पावलात पाऊल टाकून चालते आणि तिला जोर देते. पाय सुटा असलेली तेवढीच काडी मात्र लहरीला जवळजवळ दिसतच नाही. कारण सुटी काडी निनादायला अर्धी लहरलांबी लागते आणि ही तर पावच आहे.

म्हणून सलग तीन काड्यांचे पाय जोडा आणि समोरच्या तीन सुट्या सोडा. झोत सुट्या काड्यांच्या अंगाला जातो. तीनचा हा गट एकेक काडीने पुढे सरकवला की ६० अंशांवर सहा दिशा मिळतात. तीनऐवजी सलग दोनच जोडल्या तर झोत मधल्या दिशांना जातो, म्हणजे एकूण बारा दिशा. शेतासाठी सहाच पुरतात, कारण एवढ्याशा अँटेनाचा झोत ९०-१०० अंश रुंद असतो आणि शेजारच्या दिशा एकमेकींवर चढतातच.

याला पॅसिव्ह म्हणतात ते यासाठी की कडेच्या काड्यांना ना ॲम्प्लिफायर लागतो, ना प्रत्येकीसाठी वेगळा फेज शिफ्टर (लहर मागेपुढे सरकवणारा भाग). केबल न जोडलेल्या काड्यांनी झोत घडवण्याची कल्पना जपानमध्ये सेंडाईच्या विद्यापीठात उदा आणि यागी यांनी १९२६ मध्ये मांडली. घराघरांवर दिसायचा तो मासोळीच्या काट्यासारखा टीव्ही अँटेना त्यातूनच आला. काड्यांच्या पायातला रिॲक्टन्स (कपॅसिटर-इंडक्टरचा अडथळा) बदलून झोत वळवण्याचं गणित हॅरिंग्टन यांनी १९७८ मध्ये दिलं. पुढे जपानच्या एटीआर प्रयोगशाळेत मध्ये एक आणि कडेला सहा अशी जी रचना घडली, तिला एस्पार म्हणतात. आपण बनवणार आहोत ती तिचीच साधी धाकटी बहीण.

शोधायला गेलात तर बटलर मॅट्रिक्सही दिसेल. तोही पॅसिव्हच. चार अँटेनांच्या रांगेमागे चार हायब्रिड (लहर दोन वाटांना वाटणारे भाग) आणि दोन फेज शिफ्टर छापलेला बोर्ड असतो. अर्ध्या लहरलांबीवर ठेवलेल्या चार अँटेनांतून तो मधल्या रेषेच्या दोन्ही अंगांना सुमारे १४.५ आणि ४८.६ अंशांवर असे चार झोत देतो. भिंतीवर लावून समोरचा भाग झाकायला चांगला, पण चौफेर ऐकत नाही. शिवाय बोर्डावरच्या रेषा अर्ध्या मिलिमीटरनेही चुकून चालत नाहीत. पहिल्या प्रयत्नाला तो नकोच.

३. सामान

बहुतेक सगळं जळगाव, भुसावळ किंवा धुळ्याच्या बाजारात मिळतं. डायोड आणि मोजणीचं यंत्र तेवढं ऑनलाइन मागवावं लागतं.

- दोन्ही बाजूंना तांबं असलेला १.६ मिमी जाडीचा कॉपर क्लॅड बोर्ड, १५० × १५० मिमी
- दहा गेजची उघडी तांब्याची तार, साधारण अर्धा मीटर. इलेक्ट्रिकच्या दुकानात अर्थिंगची तार म्हणून मागा. जाडी ३.२५ मिमी असते
- पितळी किंवा तांब्याची ३१ मिमी रुंद पट्टी, ४० सेंमी लांब. तांब्या-पितळेची भांडी करणाऱ्याकडे कातरून मिळते
- चार भोकांचा, लांब पिनचा एसएमए फीमेल कनेक्टर
- बाहेरच्या अँटेनाची जागा असलेले दोन ईएसपी३२, एक गेटवेला आणि एक चाचणीला
- सहा पिन डायोड, २२ नॅनोहेन्रीचे सहा इंडक्टर, १०० पिकोफॅराडचे सहा कपॅसिटर, २२० ओहमचे सहा रेझिस्टर
- १४० मिमीचा पीव्हीसी पाइप आणि टोपण
- ६० वॉटची सोल्डरिंग इस्त्री, बारीक कानस, डिजिटल व्हर्निअर
- ३ गिगाहर्ट्झपर्यंत मोजणारा नॅनोव्हीएनए (अँटेनाची जुळणी मोजणारं छोटं यंत्र, थोडक्यात व्हीएनए)

शेवटच्या वस्तूपाशी जरा थांबा. नॅनोव्हीएनए नावाने जे सगळ्यात स्वस्त यंत्र मिळतं ते ९०० मेगाहर्ट्झपर्यंत नीट मोजतं, ताणलं तर १.५ गिगाहर्ट्झपर्यंत. २.४ च्या कामाला ते उपयोगाचं नाही. मी तेच मागवलं होतं. व्ही२ किंवा त्यापुढचं मॉडेल ३ गिगाहर्ट्झपर्यंत जातं. विकत घेणं झेपत नसेल तर जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या ईएनटीसी विभागात विचारा. अँटेना हातात घेऊन गेलात तर प्रयोगशाळेतले सर सहसा नाही म्हणत नाहीत.

आणखी दोन सापळे. वायफाय राउटरचे कनेक्टर बहुधा आरपी-एसएमए असतात, म्हणजे पिन उलट्या बाजूला. साध्या एसएमएवर ते आट्यांनी घट्ट बसतात, पण आत पिनसमोर पिन येते किंवा दोन्हीकडे पिनच नसते. बाहेरून काही कळत नाही, अँटेना मात्र मेलेला. आणि ईएसपी३२ घेताना नावाच्या शेवटी ‘यू’ आहे ना ते पाहा. वरूम-३२ला छापलेला अँटेना असतो, बाहेरच्या केबलची जागा वरूम-३२यूला असते. ते चिमुकलं यूएफएल कनेक्टर तीसेक वेळा काढ-घाल करण्यापुरतंच बनवलेलं असतं. एकदा लावलं की पुन्हा पुन्हा काढू नका.

४. मापं

२.४४२ गिगाहर्ट्झ हा पट्ट्याचा मध्य. लहरलांबी १२३ मिमी, पाव म्हणजे ३१ मिमी. जवळजवळ सगळी मापं या ३१ वरूनच निघतात.

चकती १२४ मिमी व्यासाची. कडेच्या सहा काड्या मध्यापासून ३१ मिमीवर. षटकोनात बाजू आणि त्रिज्या सारखी असते, म्हणून शेजारच्या दोन काड्यांतलं अंतरही ३१ मिमीच येतं. कंपास ३१ वर ठेवून वर्तुळ काढा आणि तेच माप परिघावर सहा वेळा टाका, कोनमापक लागणारच नाही. मधली काडी २९ मिमी, कडेच्या ३१ मिमी. कापताना प्रत्येक काडी २ मिमी लांबच कापा, पुढे कानसने उतरवायची आहे.

चकतीच्या कडेला खाली लोंबणारा ३१ मिमीचा पट्टा सोल्डर करा. ह्या पट्ट्याला घागरा म्हणूया. पहिल्यांदा मी तो लावलाच नव्हता. वर चौकोनी मोठा बोर्ड घेतला होता, मोठा म्हणजे चांगला असं वाटून. दिशा नीट बदलत होत्या, पण शेतात सिग्नल वाढायला तयार नाही. शेवटी चाचणीचा ईएसपी बांबूला बांधून वर-खाली केला तेव्हा लक्षात आलं की झोत वीस-पंचवीस अंश आभाळाकडे उचललेला आहे. चकतीच्या कडेवरून लहर वर वळते, घागरा तिला पुष्कळशी खाली आणतो.

तार कापण्याआधी एक संध्याकाळ सिम्युलेशनला द्या. विंडोजवर ४एनईसी२ आणि लिनक्सवर एक्सएनईसी२सी फुकट मिळतात. सात उभ्या तारा, खाली परिपूर्ण जमीन, एवढंच भरायचं. निर्देशांक सोपे आहेत: (३१, ०), (१५.५, २६.८), (−१५.५, २६.८) आणि त्यांची प्रतिबिंबं. सुटी काडी दाखवायची तर तिच्या सगळ्यात खालच्या तुकड्यात ०.३५ पिकोफॅराडचा लोड टाका. काडीची लांबी एकेक मिलिमीटर बदलून झोत कसा हलतो ते पाहा. अंगठ्याएवढी काडी एका मिलिमीटरने का बिघडते, हे मला त्या संध्याकाळीच उमगलं.

५. आधी हातानेच झोत वळवा

इथे घाई करू नका. सगळं काम या पायरीवर उभं आहे.

चकती कापा आणि मधोमध एसएमए बसवा. त्याचे चारही स्क्रू आरपार घेऊन वरच्या तांब्याला सोल्डर करा, नाहीतर वरचं तांबं आणि कनेक्टरची जमीन एकमेकांना भेटणारच नाहीत. बोर्डाच्या दोन्ही बाजूंचं तांबं कडेने घागऱ्याच्या सोल्डरने आपोआप जोडलं जातं.

कडेच्या काड्यांसाठी ३.३ मिमीची भोकं पाडा. मोठ्या ड्रिलचं टोक हाताने फिरवून भोकाभोवतीचं तांबं दोन्ही बाजूंनी दीड मिमी रुंद खरवडा. काडी भोकात एपॉक्सीने उभी चिकटवा. आता ती सुटी आहे. मल्टिमीटरने एकेक तपासा, तांब्याचा एखादा केस राहिला तरी काडी जोडलेली राहते.

आता सलग तीन काड्यांचे पाय जोडा. तांब्याच्या पट्टीचे छोटे तुकडे काडी आणि चकती यांच्यामध्ये सोल्डर करा, प्रत्येक काडीला दोन-तीन बाजूंनी. एकच लांबोळा तुकडा लावला तर तो स्वतःच इंडक्टर बनतो. चिकटणारी कॉपर टेप नुसती चिकटवून भागत नाही. तिच्या गोंदातून करंट जाईलच असं नाही, आणि मल्टिमीटर कधी हो म्हणतो, कधी नाही. सोल्डरच करा. २५ वॉटची इस्त्री एवढ्या तांब्यापुढे थंड पडते, म्हणून ६० वॉटची सांगितली.

या अवस्थेत डायोड नाही, वायरिंग नाही, प्रोग्राम नाही. नुसतं तांबं. हाताने वळवलेला झोत इथे दिसला नाही तर डायोडनेही दिसणार नाही. मी डायोड आधी लावले होते. झोत वळत नव्हता आणि दोष कुठे शोधायचा तेच कळत नव्हतं: डायोड उलटा? इंडक्टर चुकीचा? काडी लांब? की प्रोग्राम? चार गोष्टी एकदम संशयित झाल्या की एकही सापडत नाही.

आता जुळणी, म्हणजे अँटेना आपल्या फ्रिक्वेन्सीला बसवणं. व्हीएनए केबलच्या टोकाशी कॅलिब्रेट करा, यंत्राच्या तोंडाशी नाही. तीन काड्या जोडलेल्या असताना एस११चा, म्हणजे अँटेनाकडून परत येणाऱ्या लहरीच्या आलेखाचा, खड्डा कुठे पडतो ते पाहा. तो २.४ च्या खाली असेल, कारण काड्या मुद्दाम लांब ठेवल्या आहेत. मधली काडी कानसने पाव-पाव मिमी उतरवत खड्डा २.४४ वर आणा. पट्टाभर −१० डीबीच्या खाली आला की पुरे. −३० च्या मागे लागू नका, त्याने शेतात काहीही फरक पडत नाही. सहाही दिशांची रचना सारखीच असल्यामुळे एका दिशेला जुळलं की बाकीच्या पाचांना जुळतं. या वर्तुळाकार मांडणीची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

६. मोजा, आणि वहीत लिहा

जागा उघडी हवी. पत्र्याचं शेड, लोखंडी फाटक, उभी ट्रॉली यांच्याजवळ मोजलंत तर तुम्ही त्यांची परतलेली लहर मोजाल. कापूस वेचून पऱ्हाटी उपटलेलं रिकामं वावर मिळालं तर त्याहून चांगली जागा नाही. गच्चीही चालते, पण पाण्याच्या टाकीपासून लांब.

प्लास्टिकच्या स्टुलावर लाकडी पोळपाट उलटा ठेवा, त्यावर १०-१० अंशांच्या खुणा करा आणि वर अँटेना. दहा मीटरवर बांबूला चाचणीचा ईएसपी बांधा, दोघांची उंची सारखी, दीड-दोन मीटर. प्रत्येक खुणेवर तीस पाकिटांचा आरएसएसआय (मिळालेल्या सिग्नलची ताकद) घ्या आणि मधला आकडा लिहा. सरासरी नको, एखादं वेडंवाकडं वाचन सरासरीला ओढून नेतं. वाचन चालू असताना अँटेनाजवळ उभे राहू नका. माणसाचं शरीरही पाण्याचंच.

छत्तीस आकडे कागदावर वर्तुळात मांडलेत की झोत डोळ्यांना दिसतो. पुढच्या आणि मागच्या दिशेत ८ ते १२ डीबी फरक आला तर काम झालं. ५ च्या आत असेल तर जोडलेल्या पायांचे सोल्डर तपासा, मग काड्यांची लांबी, मग जागा. याच क्रमाने. मग सोल्डर काढून शेजारच्या तीन काड्या जोडा आणि पुन्हा मोजा. झोत ६० अंशांनी सरकलेला पाहिला त्या दिवशी मी नानांना वावरातून हाक मारून बोलावलं होतं.

७. आता डायोड

साधा १एन४१४८ इथे चालत नाही. २.४ गिगाहर्ट्झवर तो ना नीट जोडतो ना नीट तोडतो. पिन डायोड लागतो, उदाहरणार्थ बीएपी६४ किंवा एसएमपी१३४५. दहा मिलिअँपिअर करंट दिला की तो दोनेक ओहमचा होतो, म्हणजे पाय जोडला. करंट बंद केला की पिकोफॅराडच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा कपॅसिटर उरतो, म्हणजे सुमारे दोनशे-तीनशे ओहमचा अडथळा. पूर्ण सुटा नाही, पण काडीला विद्युत्-दृष्ट्या आखूड करतो, आणि आखूड काडी झोताला स्वतःकडे ओढते. आपल्याला तेच हवं आहे.

डायोड काडीच्या पायाशी, खरवडलेल्या खाचेवर आडवा बसतो. रेघ असलेली बाजू चकतीकडे. खालच्या बाजूने काडीच्या टोकाला इंडक्टर, इंडक्टरच्या दुसऱ्या टोकापासून चकतीला १०० पिकोफॅराड, आणि तिथून २२० ओहममधून ईएसपीच्या पिनकडे तार. ३.३ व्होल्टातून डायोडचे ०.९ गेले की उरलेल्यातून दहा-अकरा मिलिअँपिअर मिळतो. तीन डायोड मिळून तीसच, छोट्या सोलर पॅनलवर सहज भागतं.

इंडक्टर घेताना नुसती किंमत आणि मूल्य पाहू नका. त्याचा सेल्फ रेझोनन्स, म्हणजे तो स्वतःच निनादतो ती फ्रिक्वेन्सी, २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असेल असा निवडा, तरच तो लहरीला अडवतो. नाहीतर लहर बायसच्या, म्हणजे डायोडला करंट देणाऱ्या, तारेत शिरते आणि तीच तार आठवा अँटेना होऊन बसते.

ईएसपी३२च्या ३४ ते ३९ पिनांतून आउटपुट निघत नाही. ६ ते ११ आतल्या फ्लॅशला जोडलेल्या असतात आणि १२ वर काही लावलं तर कधीकधी बोर्ड सुरूच होत नाही. २५, २६, २७, ३२, ३३ आणि ४ घ्या.

डायोड लावल्यावर जुळणी पुन्हा करावी लागते. डायोड आणि त्याच्या पायांचा थोडा इंडक्टन्स वाढतो, त्यामुळे कडेच्या काड्या लांब झाल्यासारख्या वागतात. मला त्या एक-दीड मिमीने उतरवाव्या लागल्या. हाताने केलेल्या मोजणीची वही इथे उपयोगी पडते: तिथे १० डीबी होते आणि इथे ७ आले, तर दोष डायोडच्या बाजूलाच आहे हे लगेच कळतं.

नाना रोज येऊन विचारायचे, “कुठे पाहू राह्यला आता हा?” हलणारं काही नसल्यामुळे अँटेना कुठे पाहतोय ते कुणालाच दिसत नाही. म्हणून प्रत्येक पिनला १ किलोओहममधून एकेक एलईडी जोडा. जळणाऱ्या तीन दिव्यांच्या समोरची बाजू म्हणजे झोताची. दोष शोधतानाही फार मदत होते.

८. प्रोग्राम

राउटरसारखं वायफाय जोडणी करून बोलण्यापेक्षा ईएसपी-नाऊ (ईएसपींनी आपसात थेट बोलण्याची रीत) वापरा. जोडणीचा वेळ वाचतो आणि प्रत्येक पाकिटाचा वेगळा आरएसएसआय मिळतो. ईएसपीचा प्रोग्राम लिहिण्याच्या नव्या ईएसपी-आयडीएफ संचात, म्हणजे ५ पासून पुढे, तो पाकीट येताच कॉलबॅकमध्येच हाती येतो.

अडचण अशी की सेन्सर झोपलेले असतात आणि कोण कधी उठेल ते गेटवेला माहीत नसतं. वेळ ठरवून द्यावी, तर झोपेतलं ईएसपीचं घड्याळ उन्हातान्हात मागेपुढे होतं. मी केलं ते असं. गेटवे सहाही दिशांना पाळीपाळीने २०० मिलिसेकंद ऐकतो, म्हणजे एक फेरी १.२ सेकंदांची. जागा झालेला सेन्सर दर ५० मिलिसेकंदांनी तेच पाकीट पाठवत राहतो, पोच मिळेपर्यंत किंवा अडीच सेकंद. दोन फेऱ्यांत त्याच्या दिशेची पाळी येतेच. पाकीट ज्या दिशेला मिळालं त्याच दिशेला गेटवे पोच पाठवतो. झोत ऐकायला जिकडे चांगला, तिकडे बोलायलाही चांगलाच असतो. घड्याळं जुळवण्याची भानगडच राहत नाही.

प्रत्येक सेन्सरसाठी सहा दिशांचे आकडे एका तक्त्यात साठवत जा. सगळ्यात जोरात दिशा नकाशावर दिसते तीच निघेल असं धरू नका. आमच्या चार नंबरच्या प्लॉटचा सिग्नल सरळ न येता शेजारच्या पत्री शेडवरून उलटून चांगला येतो. तक्ता सांगतो ते ऐका.

९. खांबावर चढवताना

रेडिओ अँटेनाच्या खालीच ठेवा. आरजी-५८ केबल या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे सुमारे १ डीबी खाते. दहा मीटर केबल टाकलीत तर एवढ्या कष्टाने मिळवलेले सात-आठ डीबी तिथेच संपले. खांबावरून खाली आली तर फक्त वीज यावी.

उंचीचा हिशेब करा. लहरीला नुसती सरळ रेष पुरत नाही, रेषेभोवती थोडी मोकळी जागाही लागते. ५०० मीटर अंतराला मधोमध ती जागा ३.९ मीटर त्रिज्येची येते. तिचा ६० टक्के भाग, म्हणजे सव्वादोन-अडीच मीटर तरी, पानांच्या वर मोकळा हवा. वाढलेली केळी तीन मीटर धरली तर अँटेना साडेपाच-सहा मीटरवर पाहिजे. सेन्सरचा अँटेनाही बांबूवर जितका वर नेता येईल तितका न्या.

पीव्हीसी पाइपात घातल्यावर अँटेनाचा खड्डा थोडा खाली सरकतो, म्हणून शेवटची जुळणी पाइप चढवूनच करा. काळा पाइप घेऊ नका, त्यात कार्बन असतो. आणि पत्र्याला मारतात तो चंदेरी रंग पाइपाला चुकूनही लावू नका, त्यात ॲल्युमिनियमची भुकटी असते. ऊन चुकवायला साधा पांढरा रंग चालतो. मे महिन्यात सावलीत ४५ अंश असतात तेव्हा बंद पाइपात किती होत असेल विचार करा. खाली जाळी लावलेली भोकं ठेवा. जाळी हवीच, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधते आणि ओली माती काड्यांच्या पायाशी बसली की जुळणी गेली.

खांबाला अर्थिंग करा, मोटारीच्या अर्थिंगपासून वेगळा खड्डा घेऊन आणि मग दोन्ही जाड तारेने एकमेकांना जोडून. मे-जूनच्या वादळात रावेर-यावल पट्ट्यात उभ्या बागा आडव्या होतात. आमचा खांब बिजागरीवर आहे. आभाळ भरून आलं की दोन माणसं तो दोर सोडून आडवा करतात. वादळ गेल्यावर उभा करताना तो पूर्वीच्याच दिशेला बसला नाही तरी हरकत नाही. सेन्सर जसजसे उठतात तसतसा गेटवे नवा तक्ता भरून घेतो.